नावेची निगा आणि नाविकाचें वार्धक्य

चिखलीपासून समुद्र सरळ रेषेनें सुमारें अडीचशें मैलांवर आहे. या भागांतील माणसाला लांकडी वाहन म्हटलें कीं बैलगाडी आठवते, आणि तिची निगा म्हणजे काय हें त्याला शिकवावें लागत नाहीं. आंसाला वंगण, चाकाला धाव, आरे सैल झाले तर सुताराच्या दाराशीं एक खेप, एवढ्यावर गाडी वर्षानुवर्षें चालते. शेतकरी म्हातारा झाला म्हणून त्याचें औत किंवा गाडी बंद पडली, असें जुन्या काळीं सहसा होत नसे. सुतार व लोहार हे गांवचे बलुतेदार. सुगीच्या वेळीं खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळे, आणि त्याच्या मोबदल्यांत औतांची दुरुस्ती ते वर्षभर करून देत. मालकाच्या दंडांत जोर किती उरला आहे, हा प्रश्नच त्या व्यवस्थेंत उद्भवत नसे.

समुद्रावरच्या नावेचा प्रकार निराळा. तिचा मालक आणि तिची निगा राखणारा हे बहुधा एकच असत, आणि हें काम इतकें अंगमेहनतीचें कीं चाळिशींत सोपें वाटणारें साठींत अशक्य होऊन बसतें. तरीही कोंकणच्या किनाऱ्यावर नावा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, आणि पुष्कळांचे म्हातारे मालकही त्यांच्यासह टिकले. तें कसें साधलें, कोणास साधलें नाहीं, आणि आज तें कां अवघड झालें आहे, हा इतिहासाचाच विषय आहे. मात्र लढायांच्या इतिहासांत तो सांपडत नाहीं.

प्रथम नावेला होतें काय, तें पाहिलें पाहिजे. नाव पाण्यानें जुनी होते असा सर्वसाधारण समज आहे, तो अर्धाच खरा. सागवानासारखें लांकूड कायम पाण्याखालीं राहिलें तर दीर्घकाळ टिकतें, कायम कोरडें राहिलें तरीही टिकतें. तें कुजतें, चिरतें आणि फुगतें तें ओल आणि ऊन यांच्या येरझाऱ्यांत. आणि नावेचा सारा जन्म याच येरझाऱ्यांत जातो. दुसरा शत्रु खाऱ्या पाण्यांतला. त्याला सगळे कीड म्हणतात, पण प्राणिशास्त्राच्या हिशेबानें तो शिंपल्याच्या कुळांतला आहे. शास्त्रज्ञ त्याला टेरेडो म्हणतात. देह अळीसारखा मऊ व लांब, आणि डोक्याशीं दोन इवल्या शिंपा. त्या शिंपांनीं तो लांकूड किसत आंत शिरतो. बाहेरून पाहावें तर टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र, आणि आंत बोटभर जाडीचे बोगदे! फळी वरून धड दिसते आणि एके दिवशीं हाताखालीं चुरते. तिसरी पीडा शेवाळाची व शंखशिंपल्यांच्या थरांची. त्यांनीं नाव बुडत नाहीं, पण जड होते, आणि जी मजल दोन प्रहरांत संपावयाची ती दिवस खाते.

यावरचे उपाय जुने आहेत आणि त्यांतला एकही बसल्या जागेवरून होण्यासारखा नाहीं. नाव पाण्याबाहेर ओढून घ्यावी लागते. तळाचा थर खरवडून काढावा लागतो, आणि तळ हा खालच्या बाजूस असल्यामुळें तें काम वांकून, गुडघ्यांवर बसून, कधीं ओल्या वाळूंत पाठ टेकून डोक्यावरच्या फळीशीं झगडत करावें लागतें. खरवडलेलें सारें डोळ्यांत येतें. मग फळ्यांमधल्या फटी तपासावयाच्या. जुना कापूस उकरून काढावयाचा, नवा कापूस पिळून तेलाराळेंत भिजवावयाचा, आणि बोथट छिन्नी व लांकडी हातोडा घेऊन तो फटींत ठोकून बसवावयाचा. ज्या कापसानें चिखली-खामगांवकडचीं शेतें पांढरीं होतात, त्याच जिनसेवर समुद्रांतील माणसांचे प्राण अवलंबून असतात, ही गोष्ट वऱ्हाडांतील श्रोत्यांस कदाचित् नवी वाटेल. कापूस थोडका ठोकला तर पाणी झिरपतें. फाजील ठोकला तर फळी फुगल्यावर खिळे उपटतात. शेवटीं माशाच्या यकृताचें तेल, चुना, राळ यांचा लेप. तेलाचा वास इतका उग्र असतो कीं तो अंगाचा आठवडाभर जात नाहीं.

एका लहान मचव्याला देखील असें दरसाल करावें लागे. कांहीं ठिकाणीं वर्षांतून अनेकदां. यांत नांगर, दोर, शीड आणि जाळीं यांची गणना केलेली नाहीं. तागाचीं व सुताचीं जाळीं कुजूं नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यांत बुडवावीं लागत, आणि पाण्यानें भिजलेलें जाळें कढईंतून वर ओढणें हेंही म्हाताऱ्या कमरेला झेपणारें काम नव्हे.

एवढा भार उचलण्यासाठीं किनाऱ्यानें तीन आधार शोधले होते: काळ, पाणी आणि माणसें.

काळाचा आधार म्हणजे पावसाळा. ज्येष्ठांत समुद्र खवळला कीं शिडाच्या नावा किनाऱ्यावर येत, त्यांवर नारळीच्या झांपांचें छप्पर चढे, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या तशाच राहत. मराठ्यांच्या आरमारानेंही हेंच पंचांग पाळलें. इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं त्या बाजूस जहाजें बांधण्यास आरंभ केला, हें सर्वांस माहीत आहे. परंतु बांधलेलीं जहाजें राखणें हें बांधण्याहून कठीण, याची जाणीव त्या राज्याला किती होती तें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दिसतें. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील या ग्रंथांत आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. तुफानाचे दिवस लागण्यापूर्वींच आरमारानें किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरांत छावणी करावी, आणि ही छावणी दरसाल एकाच बंदरांत करूं नये, असा त्यांत आदेश आहे. कारण आरमारी लोकांच्या मुक्कामाचा उपद्रव त्याच त्या गांवांस होऊं नये. त्याच प्रकरणांत लांकडाविषयींही लिहिलें आहे. आंबा-फणसाचीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी तीं तोडूं नयेत, कारण रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड फार जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें. म्हाताऱ्या झाडाची किंमत त्याच्या धन्याच्या मनांत काय असते, हें ओळखणारा राज्यकर्ता विरळाच म्हणावा लागेल.

पाण्याचा आधार म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांतलें अंतर चौदा-पंधरा फुटांपर्यंत जातें. दक्षिणेकडे मालवणास तें पुष्कळ कमी. म्हातारा नाविक जो हिशेब मनांतल्या मनांत करतो तो असा: पौर्णिमेच्या उधाणाला नाव जितकी वर नेतां येईल तितकी न्यावी. पुढें भांगाचे दिवस येतात, पाणी तितकें वर चढत नाहीं, आणि नाव आपोआप कोरडी राहते. अमावास्येचें उधाण येईपर्यंत पंधरवड्याची सवड मिळते. आणि काम संपलें कीं तेंच पाणी तिला उचलून नेतें. वीस माणसांचें बळ यांत चंद्राकडून फुकट मिळतें. शहरांतील वाचकास तिथीचें महत्त्व पंचांगापुरतें असतें. ज्याच्या पाठीची उसण तिथीवर अवलंबून आहे, त्याला तें निराळें भासतें.

मोठ्या तारवांकरितां मात्र वाळूचा उतार पुरत नाहीं. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडींत किल्ल्यापासून दोन मैलांच्या अंतरावर खडकांत खोदलेली गोदी आहे. लांबी साडेतीनशें फुटांच्या घरांत. आंग्र्यांच्या व पुढें धुळपांच्या आरमाराचें हें ठाणें. तत्त्व तेंच, फक्त दगडांत कोरलेलें: भरतीबरोबर तारूं आंत यावें आणि पाणी उतरल्यावर त्याचा तळ उघडा पडावा. आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें यांचा तळ उथळ असे. गुराब दीडशें ते तीनशें टनांची आणि गलबत बहुधा सत्तर टनांच्या आंतलें, असें तत्कालीन इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो. उथळ तळाचा फायदा लढाईंत झाला, याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. दुरुस्तींतही तो तितकाच होता. उथळ तळाचें जहाज खाडींत कोठेंही टेकतें, खोल तळाच्या जहाजाला धक्का आणि गोदी लागते.

इंग्रजांना ती गोदी मुंबईंत मिळाली, आणि तिचा इतिहास एका सुताराच्या वार्धक्याशीं जोडलेला आहे. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर सुरतेच्या गोदींत मुकादम होता. इ. स. १७३६ मध्यें कंपनीनें त्याला कांहीं सुतारांसह मुंबईस आणलें. १७५० मध्यें तेथें कोरडी गोदी तयार झाली, आणि पुढल्या पंधरा वर्षांत तिला आणखी दोन जोडल्या गेल्या. १७७४ मध्यें सत्तरीच्या घरांत लवजी वारला, तोंपर्यंत मुख्य बांधणाऱ्याचें पद त्याच्याकडेच होतें. सत्तरीचा माणूस अडोतीस वर्षें तेंच काम करतो, तें कशाच्या जोरावर? त्याचे पुत्र माणेकजी व बमनजी त्याच्या हाताखालीं तयार झाले होते, आणि फ्रामजी व जमशेटजी हे नातू त्याच गोदींत दरमहा बारा रुपयांवर साध्या सुताराप्रमाणें हातोडा चालवीत होते. म्हाताऱ्याचा डोळा, मुलांचा हुकूम आणि नातवांचे दंड अशी ती वांटणी होती. वंशपरंपरेच्या धंद्याची आज पुष्कळ निंदा होते व ती वाजवीही आहे, कारण ती परंपरा बाहेरच्या माणसाला आंत येऊं देत नसे आणि आंतल्याला बाहेर जाऊं देत नसे. परंतु तिनें म्हातारपणाची सोय लावली होती, ही तिची बाजू निंदकांनींही नोंदवून ठेवावी.

याच जमशेटजींच्या हातचीं जहाजें पुढें जगांत गाजलीं. १८१३ मध्यें मुंबईंत बांधलेल्या कॉर्नवॉलिस जहाजावर १८४२ मध्यें इंग्लंड व चीन यांच्यामधील नानकिंगचा तह झाला. १८१७ सालचें ट्रिंकोमली हें जहाज तर अजून पाण्यावर तरंगत आहे. इंग्लंडांत हार्टलपूल येथें तें जतन केलेलें असून, १९९० पासून दहा-अकरा वर्षें त्याची दुरुस्ती चालली होती. मुंबईच्या सागवानाची ही कीर्ति योग्यच आहे. मात्र सागवान एकटें दोनशें वर्षें टिकत नाहीं. त्याच्यामागें अनेक पिढ्यांचीं खरवडणारीं व ठोकणारीं माणसें उभीं असतात, आणि तीं नांवानिशीं कोठेंही नोंदलेलीं नाहींत.

बांधतांनाच पुढचे श्रम वांचवावे, ही युक्तिही या किनाऱ्याला ठाऊक होती. अठराव्या शतकांत सुरतेस आलेल्या स्टॅव्होरिनस या डच दर्यावर्द्यानें लिहून ठेवलें आहे कीं तेथील कारागीर फळीच्या कडा नुसत्या एकमेकींस टेकवीत नाहींत, त्यांना खांचा पाडून एकींत दुसरी बसवितात. सांधा घट्ट बसला कीं दरवर्षीं कापूस ठोकण्याची यातायात उरत नाहीं. अशी नाव बांधावयास वेळ व पैसा अधिक लागतो. पण जो तिशींत तो खर्च करतो त्याला साठींत त्याचें व्याज मिळतें. इंग्रजांनीं याच हेतूनें निराळा मार्ग धरला. १७६१ मध्यें त्यांनीं अलार्म नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले, आणि वीस वर्षांच्या आंत तें साऱ्या आरमाराला लागू झालें. कीड थांबली, शेवाळ कमी झालें, खरवडण्याची पाळी पुष्कळ उशिरां येऊं लागली. तांबें परवडणारे जे होते त्यांचें काम झालें. कोळ्याच्या मचव्याला तांबें कोठून?

त्या राष्ट्रानें म्हाताऱ्या खलाशांची व्यवस्था कशी लावली होती तीही पाहण्यासारखी आहे. १६९४ मध्यें ग्रीनिच येथें त्यांच्यासाठीं आश्रम स्थापन झाला आणि १७०५ पासून तेथें निवृत्त खलाशी राहूं लागले. त्याहून शहाणपणाची गोष्ट निराळीच. जहाज मोहिमेवर नसतांना खलाशी पांगत, पण सुतारासारख्या हुद्द्याचीं कांहीं माणसें जहाजाबरोबरच राहत. बंदरांत पडून असलेल्या जहाजाच्या फटी, दोर आणि पंप यांवर त्यांचें लक्ष असे. जहाजावरचा आचारी तर पुष्कळदां ग्रीनिचचा एखादा जायबंदी पेन्शनरच असे. ज्याला डोलकाठीवर चढवत नाहीं त्यालाही जहाजावर काम असूं शकतें, हें त्यांनीं नियमांत आणलें. कोंकणांत तें रिवाजांत होतें.

तो रिवाज हाच तिसरा आधार, म्हणजे माणसांचा. कोळीवाड्यांत नाव वर घेण्याचा दिवस हा एका घराचा दिवस नसतो. ओंडके मांडले जातात, दोर बांधला जातो आणि शेजारचीं माणसें एका सुरांत ओढतात; उद्यां त्यांची नाव असेल तेव्हां याच्या घरचीं माणसें जातात. त्यांत वृद्ध तांडेल दोराला हात लावीत नाहीं. तो पुढें उभा राहून ओंडका कोठें टाकावयाचा, नाव कोणत्या कुशीवर कलवावयाची तें सांगतो. नाव टेकल्यावर त्याचें खरें काम सुरू होतें. तो हातोडीनें फळी फळी वाजवीत जातो आणि कान देतो. निरोगी सागवान खणखणीत बोलतें, पोखरलेलें बद्द. ज्या कानाला पन्नास पावसाळ्यांची संवय आहे त्याला हें सांगण्यास फळी उकलावी लागत नाहीं. तरुणानें याच जागीं दोन दिवस घालविले असते आणि एक चांगली फळी फुकट तोडली असती.

पैशाची बाजूही रिवाजानेंच बांधलेली होती. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात तेव्हां माणसाचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा आणि नावेचा वेगळा. नावेचा वाटा हा नाव पाण्यावर ठेवण्याचा खर्च होय. मालक स्वतः समुद्रावर गेला असो वा ओट्यावर बसून जाळें विणीत असो, तो त्याला मिळतो. या एका वाट्यानें किती म्हाताऱ्यांना भिक्षेपासून वांचविलें असेल! रापणींत तर किनाऱ्यावर दोराला हात लावणारा रिकाम्या हातानें परतत नाहीं, मग तो म्हातारा असो कीं पोर. आणि या साऱ्या हिशेबाच्या मागें कोळिणीची टोपली उभी असते. मासळी विकून रोकड घरांत आणणारी तीच; कापूस, राळ, तेल, दोर यांचे पैसे तिच्याच कनवटींतून निघतात. नावेच्या इतिहासांत तिचें नांव घेतलें जात नाहीं, हा इतिहास लिहिणाऱ्यांचा दोष आहे.

मात्र हें चित्र सर्वांचें होतें असें समजूं नये. ज्याला मुलगे नव्हते, ज्याची नाव तुफानांत फुटली, ज्यानें दुरुस्तीसाठीं व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम उचलली, त्याची कथा दुसरी. मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावानें द्यावयाची, या बोलीवर ती रक्कम मिळे. नाव म्हातारी होत जाई तसा दुरुस्तीचा खर्च वाढे, मालक म्हातारा होत जाई तशी कमाई घटे, आणि या दोन रेषा जेथें एकमेकींना छेदीत तेथें नाव व्यापाऱ्याची होऊन जाई. कालचा मालक आपल्याच नावेवर मजूर होई, तोही अंगांत बळ असेपर्यंत. दोर ओढण्याचें सहकार्य पैशाच्या व्यवहारांत कां असूं नये, हा प्रश्न रत्नागिरीजवळच्या कर्ला गांवीं १९१३ मध्यें सोडविण्याचा यत्न झाला. तेथें निघालेली मच्छीमारांची सहकारी संस्था ही हिंदुस्थानांतील त्या प्रकारची पहिली मानली जाते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा संस्थांचें जें जाळें पुढें पसरलें त्याचा उगम एका लहान गांवांत आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

येथें थोडें देशावर वळावें. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यांतल्या अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून वर्धेस मिळते आणि शेवटीं गोदावरीच्या पाण्याबरोबर पूर्व समुद्रास जाते. चिखली तालुक्यांतून वाहतांना ती उन्हाळ्यांत कोठें कोठें माणूस कोरड्या पायानें ओलांडील एवढीच असते. त्यामुळें देशावरच्या नद्यांवर नावेचें पंचांग समुद्राच्या नेमकें उलट. तेथें आषाढांत नाव झांपांखालीं झोंपते, येथें ती आषाढांतच कामाला लागे. पूल होण्यापूर्वीं पुराच्या दिवसांत माणसें, गुरें आणि बाजाराचा माल पलीकडे नेण्याचें काम भोई व कोळी करीत. येथें टेरेडो नाहीं, खारें पाणी नाहीं. पण आठ महिने उन्हांत पडलेल्या नावेच्या फटी इतक्या उघडतात कीं मृगाच्या आधीं तिला पाणी पाजून फुगवावी लागते. मागाहून धरणें झालीं. पैनगंगेवर पेनटाकळीचा जलाशय झाला, खडकपूर्णेवर दुसरा मोठा जलाशय झाला, आणि ज्यांच्या वाडवडिलांनीं पावसाळ्यापुरती नाव चालविली त्यांना बाराही महिने पाणी मिळालें. अशा जलाशयांवर थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळें टाकणारा माणूस महाराष्ट्रांत सर्वत्र दिसतो. त्याला तें फळीचें वाहन खांद्यावर घेऊन घरीं जातां येतें. निगा जवळजवळ शून्य. पण वारा सुटला कीं तें उलटतें. म्हणजे श्रम गेले आणि धोका आला.

समुद्रावरही गेल्या पाऊणशें वर्षांत असाच बदल झाला, फक्त मोठ्या प्रमाणावर. १९५० नंतर मुंबई, वसई, सातपाटी या भागांत मचव्यांना यंत्रें बसूं लागलीं. वल्हें मारणें संपलें, शीड चढविणें संपलें. नायलॉनचें जाळें आलें तेव्हां ऐनाच्या सालीची कढई चुलीवरून उतरली ती कायमचीच. कोची येथें १९५७ मध्यें केंद्र सरकारनें मत्स्यतंत्राची संशोधनसंस्था काढली. लांकडी नावांच्या तळाला पत्र्याचें व फायबरचें आवरण घालण्याचे प्रयोग तिनें केले. पुढें संपूर्ण फायबरच्याच होड्या आल्या. मालवणच्या बाजूस जेथें उलांडीची लांकडी होडी सात-आठ जणांनीं ढकलावी लागे, तेथें लहान फायबरची होडी दोघे-तिघे वर घेतात. फट नाहीं, कापूस नाहीं, टेरेडोला खाण्यासारखें कांहीं नाहीं. साठी उलटलेल्या माणसाला हें वरदानच वाटलें तर नवल नाहीं, आणि अनेकांनीं केवळ याच कारणानें आपलीं वडिलोपार्जित लांकडें विकलीं.

परंतु मोठ्या नावांचा भार हलका झाला असें म्हणवत नाहीं. तो हातांवरून खिशावर गेला. यंत्राची दुरुस्ती, डिझेल, बर्फ, बँकेचा हप्ता यांना पौर्णिमेची सवड चालत नाहीं. शेजाऱ्याचा हात फिरून येई, यंत्रदुरुस्त करणाऱ्याला रोख द्यावे लागतात. मुलें शाळा शिकलीं आणि नोकरीला गेलीं, यांत वाईट कांहींच नाहीं, कोणत्या बापानें तें इच्छिलें नाहीं? पण दोराला लागणारे हात त्यामुळें उणे झाले. रत्नागिरीच्या ट्रॉलरांवर आज नेपाळांतून आलेले खलाशी काम करतात. ते मेहनती आहेत, परंतु हंगाम संपला कीं ते घरीं जातात. कायद्यानें १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नाव वर घेऊन दुरुस्त करण्याचा हाच काळ, आणि याच काळांत खलाशी गांवाला गेलेले असतात. मागें उरतात ते मालक, एखादा भाडोत्री सुतार, आणि ज्यानें पन्नास पावसाळे फळ्या वाजविल्या तो म्हातारा.

त्याच्या कानाला फायबरचा आवाज ओळखतां येत नाहीं. फायबर लांकडासारखें हळूहळू कुरकुरत नाहीं. तडा गेला तर तो बहुधा पाणी शिरल्यावरच कळतो. दुरुस्तीसाठीं जुना थर घांसून काढावा लागतो, त्याची कांचेची बारीक भुकटी हवेंत उडते आणि कातडीला व छातीला बाधते. राळेच्या जागीं आलेल्या रसायनाच्या वाफेनें डोळे चुरचुरतात. तोंडाला व नाकाला पट्टी बांधून, उघड्या हवेंत, वाऱ्याकडे पाठ करून हें काम करावें असें जाणते सांगतात. खोकल्याची भावना असलेल्या वृद्धांस तर मुळींच करूं देऊं नये. लांकडी नावेचें आयुष्य संपलें म्हणजे तिचीं लांकडें दाराच्या चौकटीला, गोठ्याच्या वाशाला, निदान चुलीला उपयोगी पडत. फायबरची फुटकी होडी कशाच्याच उपयोगाची नाहीं, आणि जाळली तर विषारी धूर देते. कोंकणांतल्या कित्येक खाड्यांच्या कांठीं अशा होड्या तिवरांच्या झुडपांत पालथ्या पडलेल्या दिसतात. त्यांच्या पलीकडे, जेथें अजून लांकडी मचवे आहेत, तेथें मे महिन्याच्या अखेरीस झांपांच्या ऐवजीं निळें प्लॅस्टिक चढतें, आणि पौर्णिमेच्या उधाणाची वेळ कोणती, हें विचारण्यास माणसें अजून घरांतल्या म्हाताऱ्याकडेच येतात.